कारण : अस्वल

आमच्याकडे खाली अस्वल येतं ते फोनमधून.
ब्रिजवरून कुणीतरी म्हणतं, सावकाश,
मग अजून सावकाश,
मग बंद.
पानावरून उठवलेल्या पाहुण्यांसारखी
दोन्ही मोठी मशिनं कुरकुरत थांबतात.

वर सगळी लाल जाकिटं
एका कठड्याकडे धावतात.
जहाज तेवढंच कलतं, अर्धा अंश असेल नसेल,
माझ्या टेबलावरचा सुटा नट घरंगळतो
डावीकडे.
म्हणजे अस्वल डावीकडे.

लॉगमध्ये रकाना आहे, थांबण्याचं कारण.
पहिल्यांदा मी लिहिलं, ब्रिजचा आदेश.
चीफने खोडलं. काटेकोर माणूस, एस्टोनियाचा.
म्हणाला, खरं काय ते लिही.
तेव्हापासून लिहितो :
१४.१०, बंद, अस्वल.
१६.३५, बंद, वॉलरस, बरेच.
०३.२०, बंद, धुकं.
(धुक्यातही कुणीतरी होतं म्हणे,
नाश्त्याला वाद चालला होता, देवमासा की नुसती लाट.)

वर दोन डिग्री, इथे त्रेचाळीस.
बर्फ मला काट्यावर दिसतो :
मशीन थंड करायला समुद्र आत घेतो आम्ही,
तो पाच, मग तीन, मग एक,
मग शून्याच्याही खाली, तरी पाणीच.
मग पत्र्यावर ठक. ठक.
दाभोळला धक्क्यावर बर्फाची लादी यायची
भुशात गुंडाळून, मोजून मापून, उधारीवर.
आणि हा बघा, फुकटचा,
येऊन दार वाजवतोय.

एकदाच, सगळं बंद असताना,
जनरेटर तेवढा एक घुमत होता,
काहीतरी लांबलचक पत्र्याला घासत गेलं,
पुढून मागे, घाई न करता.
रोडेलने कानावरचे मफ काढले. मीही काढले.
चीफ म्हणाला, बर्फ.
आम्ही दोघं काही बोललो नाही.
लॉगमध्ये त्याला रकाना नव्हता.

मग नोम.
अलास्काचं गाव, रस्ते मातीचे,
पॅसेंजर बसमध्ये बसून विमानाकडे गेले,
आम्हाला सहा तास.
रोडेलला वायफाय हवं होतं,
मी चालत सुटलो, घरं संपेपर्यंत,
गंजलेल्या सोनं उपसायच्या डब्यांपाशी वळलो,
पुढे खेळाचं मैदान, जाळीचं कुंपण,
आणि कुंपणाच्या आत, पहिल्या बेसपाशी,
सात गोधड्या चरत होत्या.

गवा म्हणावा तर पायाने बुटके,
मेंढा म्हणावा तर खांदा माझ्या छातीला.
केस घोट्यापर्यंत. वारा अंगातून जाईना,
वरवरनंच हात फिरवून जात होता.
एक पिल्लू मधोमध, नुसतं नाक.

"तिथेच थांब," मागून बाई म्हणाली.
एथेल नाव. हातात पाव आणायची पिशवी,
ती जाळीत अडकलेली लोकर वेचून भरत होती,
चिंचेची शीर काढावी तशी, हलक्या हाताने.
म्हणाली, "मस्कऑक्स. दिसतात गरीब.
माझ्या भावाचा कुत्रा मारला गेल्या वर्षी."
मग माझ्या बूटांकडे बघून, "जहाजावरचा?
मग अस्वलं पाहिली असशील."

"चार," मी म्हटलं.
"वेळेसकट सांगतो, हवं तर."

ती हसली नाही. चिमूटभर लोकर दिली,
राखी रंगाची, वजनच नसलेली.
आम्ही उभे राहिलो. ते चरत राहिले.
माझ्या कानात मशीन चालूच होतं,
चौदा वर्षांत ते कधी पुरतं बंद झालेलं नाही,
पण गवत तुटताना ऐकू आलं. शपथेवर सांगतो.

शेवटची बोट चुकता चुकता मिळाली.
रात्री अकराला फोन आला : चालू.
नटाला मी खिशात घातला.
आणि मफ चढवण्याआधी ती लोकर
डाव्या कानात ठेवली.
रोडेल विचारतो, काय रे ते?
मशीन त्या बाजूला आता जरा
दूर वाटतं. गावाबाहेर असल्यासारखं.